मधुमेहींच्या रक्तातील स्निग्ध द्रव्ये : भोजनापूर्वी आणि भोजनोत्तर

रोगाचे नाव पुष्कळदा त्याच्या पहिल्या ठळक लक्षणावरून पडते आणि कालांतराने ते लक्षण म्हणजेच रोग, अशी समजूत रूढ होते. मधुमेहाच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. ‘मेह’ म्हणजे मूत्रस्राव आणि ‘मधु’ म्हणजे मध. युरोपीय वैद्यकातही ‘डायाबिटीस’ या मूळ ग्रीक शब्दाला पुढे ‘मेलिटस’, म्हणजे मधाळ, हे लॅटिन विशेषण जोडण्यात आले. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन वैद्यक-परंपरांनी एकाच गोडीवरून रोगाचे नाव ठेवावे, ही गोष्ट लक्षणीय खरीच. परंतु या नामकरणाचा एक परिणाम असा झाला की, वैद्याचे व रोग्याचे सारे लक्ष साखरेवर खिळून राहिले. आजच्या बोलीत तर ‘त्यांना शुगर आहे’ एवढ्या तीन शब्दांनी रोगाचे निदानही होते आणि वर्णनही.

वस्तुतः या रोगात साखरेइतकाच स्निग्ध द्रव्यांचाही व्यवहार बिघडतो. प्राचीनांना याची अंधुक जाणीव असावी. कारण चरकसंहितेत प्रमेहामध्ये दूषित होणाऱ्या शरीरद्रव्यांत मेदाची गणना केलेली आहे. अर्थात चरकांचा मेद आणि आजच्या प्रयोगशाळेत मोजले जाणारे रक्तातील स्निग्ध द्रव्य ही एकच होत, असे म्हणता येणार नाही. अलीकडच्या काळातील अधिक निश्चित पुरावा १८८० सालचा आहे. त्या वर्षी फिलाडेल्फिया येथील नेत्रवैद्य आल्बर्ट हाइल यांनी एका मधुमेही रुग्णाच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्या तांबड्या न दिसता सायीच्या रंगाच्या दिसत असल्याचे वर्णन केले. त्या रक्तात स्निग्धांश इतका साठला होता की, रक्ताचा मूळ रंगच झाकला गेला होता. असे टोकाचे उदाहरण क्वचितच आढळते. परंतु जे तेथे डोळ्यांनी दिसले, ते थोड्या प्रमाणात असंख्य मधुमेहींच्या रक्तात प्रत्येक जेवणानंतर घडत असते. ते कसे घडते, मोजावे केव्हा, आणि मोजलेल्या आकड्यावरून रुग्णाने काय समजावे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. ‘चरबी’ या शब्दात काय काय येते

तेल, तूप, वसा व मज्जा या चारही पदार्थांना आयुर्वेदात ‘स्नेह’ अशी एकच संज्ञा आहे. मराठी बोलीत हेच काम ‘चरबी’ हा शब्द करतो. कंबरेभोवतीची चरबी, कढईतील चरबी आणि तपासणीच्या कागदावरील ‘रक्तातील चरबी’ या तिन्ही गोष्टी सामान्य माणसाला एकच वाटतात, आणि तेथूनच गैरसमजाला आरंभ होतो.

रक्तात मुख्यतः दोन स्निग्ध द्रव्ये मोजली जातात. पहिले ट्रायग्लिसराइड. हे शरीराचे इंधन होय. तेलातुपात प्रामुख्याने तेच असते आणि शरीराच्या मेदपेशींत साठविले जाते तेही तेच. दुसरे कोलेस्टेरॉल. हे इंधन नव्हे. पेशींची आवरणे, पित्त व काही संप्रेरके यांच्या घडणीसाठी ते लागते. रक्तवाहिन्यांच्या अंतर्भित्तीत साचून जे पुढे अनर्थ घडविते, ते मुख्यतः कोलेस्टेरॉल.

तेल पाण्यात मिसळत नाही, हा स्वयंपाकघरातला अनुभव रक्तालाही लागू आहे. म्हणून शरीर ही द्रव्ये प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून लहान लहान कणांच्या रूपाने रक्तात सोडते. आतड्यात तयार होणाऱ्या मोठ्या कणांना कायलोमायक्रॉन म्हणतात. नुकत्याच घेतलेल्या जेवणातील स्निग्धांश ते वाहून नेतात. यकृतात तयार होणारे कण व्ही. एल. डी. एल. होत, यकृताने स्वतः बनविलेले ट्रायग्लिसराइड ते वाहतात. त्यांच्यातील ट्रायग्लिसराइड उतरले की, त्यांपैकी बऱ्याच कणांचे शेवटी कोलेस्टेरॉलने संपृक्त अशा एल. डी. एल. कणांत रूपांतर होते. या सर्व कणांमध्ये अपो-बी नावाचे प्रथिन असते आणि दर कणामागे त्याचा एकच रेणू असतो. म्हणून अपो-बीचे मोजमाप म्हणजे या जातीच्या कणांची शिरगणतीच होय. एच. डी. एल. नावाच्या कणांत हे प्रथिन नसते. त्यांचे कार्यही वेगळे आहे.

२. निरोगी शरीरातील जेवणानंतरचा प्रवास

भातातील किंवा भाकरीतील पिष्टाची साखर बनून ती आतड्यातून थेट यकृताकडे जाते. स्निग्धांशाचा मार्ग निराळा आहे. कायलोमायक्रॉन आतड्याच्या पेशींतून प्रथम लसीकावाहिन्यांत उतरतात, छातीतील मोठ्या लसीकावाहिनीने वर चढतात आणि मानेच्या मुळाशी डाव्या बाजूला रक्तप्रवाहात मिसळतात. मार्ग लांबचा असल्यामुळे वेळही अधिक लागतो. निरोगी माणसाची रक्तशर्करा जेवणानंतर साधारणतः तासाभरात शिखर गाठते आणि दोन-तीन तासांत पूर्ववत् होते. ट्रायग्लिसराइडचे शिखर मात्र तीन ते पाच तासांनी येते, आणि स्निग्धांश भरपूर असलेल्या जेवणानंतर ते पूर्वस्थितीला येण्यास सहा ते आठ तास लागतात. मधुमेहींना सुपरिचित असलेली ‘जेवणानंतर दोन तासांची’ तपासणी साखरेसाठी योग्य आहे, परंतु स्निग्धांशाचे शिखर तिच्या कक्षेत येत नाही, ही गोष्ट येथेच ध्यानात घ्यावी.

रक्तात आलेले हे कण स्नायू व मेदपेशी यांच्या केशवाहिन्यांतून जाऊ लागले की, तेथील भित्तींवर लायपोप्रोटीन लायपेझ नावाचे विकर त्यांच्यातील ट्रायग्लिसराइड उतरवून घेते. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे आणि आठवड्याच्या बाजाराला येणारी प्रत्येक गाडी तेथे थांबून आपला भार तपासून घेई, तशीच ही व्यवस्था आहे. आतड्याकडून आलेल्या गाड्या आणि यकृताकडून आलेल्या गाड्या या दोहोंना नाका एकच. भार उतरल्यावर जो लहानसा कण शिल्लक राहतो, त्याला अवशिष्ट कण म्हणावे. त्यात ट्रायग्लिसराइड थोडे आणि कोलेस्टेरॉल अधिक असते. निरोगी यकृत हे अवशिष्ट कण त्वरेने उचलून रक्त स्वच्छ करते.

३. मधुमेहात काय बिघडते

इन्शुलिन हे साखरेचे संप्रेरक म्हणून सर्वांना ठाऊक आहे. १९२२ साली टोरांटो येथे त्याचा मानवी उपचारात प्रथम उपयोग झाला, तोही साखरेच्या संदर्भातच. परंतु जेवणानंतर इन्शुलिनला स्निग्ध द्रव्यांच्या बाबतीतही तीन कामे करावी लागतात. मेदपेशींनी साठवलेली चरबी या वेळी बाहेर सोडू नये, अशी आज्ञा ते देते. आतड्याकडून माल येत असताना यकृताने आपल्या गाड्या रोखून धराव्या, असे ते सुचविते. आणि मेदपेशींच्या केशवाहिन्यांवरील लायपेझ विकराचे बळ ते वाढविते. थोडक्यात, नाक्यावर गर्दी होणार हे ओळखून एकीकडे रस्ता मोकळा करणे आणि दुसरीकडे नाक्यावर माणसे वाढविणे, ही दोन्ही कामे ते करते.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन असते, परंतु शरीर त्याला दाद देत नाही. मग मेदपेशी जेवणानंतरही स्निग्धाम्ले सोडीत राहतात. त्यांचा लोट यकृतात पोहोचतो आणि यकृत त्यांपासून नवे व्ही. एल. डी. एल. कण बनवून रक्तात ढकलते. आतडेही अधिक कण निर्माण करू लागते. नाक्यावर दोन्ही बाजूंनी गाड्यांची रीघ लागते आणि नाका मात्र मंदावलेला असतो. परिणामी मधुमेहींमध्ये जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड अधिक उंचीपर्यंत चढते, शिखर उशिरा येते आणि उतारही लांबतो. उपाशीपोटी ज्याची पातळी आधीच अधिक असते, त्याची जेवणानंतरची वाढही सामान्यतः अधिक असते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मूळ इन्शुलिनच नाहीसे झालेले असते. उपचार नीट चालू असेल, तर अशा रुग्णाच्या रक्तातील स्निग्ध द्रव्ये पुष्कळ अंशी सामान्य राहू शकतात. इन्शुलिन खंडित झाले की मात्र लायपेझचे बळ जाते आणि रक्त दुधाळ होऊ लागते.

या दीर्घ गर्दीचा आणखी एक परिणाम होतो. ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात फार वेळ रेंगाळले की, ते आपला भार एल. डी. एल. व एच. डी. एल. कणांना देतात आणि त्यांच्याकडून कोलेस्टेरॉल घेतात. या देवघेवीत एल. डी. एल. कण लहान व घट्ट होतात आणि एच. डी. एल.चे प्रमाण घटते. ट्रायग्लिसराइड चढलेले, एच. डी. एल. उतरलेले आणि एल. डी. एल. वरवर पाहता बरे, हे मधुमेहींच्या तपासणीत वारंवार दिसणारे त्रिकूट या एकाच कारणातून जन्मते.

४. उपाशीपोटी तपासणीची रूढी

रक्तातील स्निग्ध द्रव्ये दहा-बारा तास उपाशी राहून तपासावी, हा नियम इतका रूढ आहे की, तो शरीराच्याच एखाद्या धर्मातून निघाला असावा, असे वाटते. वास्तविक त्याची कारणे मोजणाराच्या सोयीची आहेत. जेवणानंतर ट्रायग्लिसराइड बदलत राहते. म्हणून तुलनेसाठी एक स्थिर क्षण हवा होता. दुसरे कारण गणिताचे आहे. एल. डी. एल. कोलेस्टेरॉल प्रत्यक्ष मोजणे पूर्वी फार कष्टाचे होते. १९७२ साली विल्यम फ्रीडवल्ड व त्यांचे सहकारी यांनी ते गणिताने काढण्याची रीत सांगितली : एकूण कोलेस्टेरॉलमधून एच. डी. एल. वजा करावे आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करावा. हा पाचवा हिस्सा म्हणजे व्ही. एल. डी. एल. कणांतील कोलेस्टेरॉलचा अंदाज होय. जेवणानंतर कायलोमायक्रॉन रक्तात असताना हा अंदाज चुकतो; ट्रायग्लिसराइड दर १०० मिलिलिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर गेल्यास तर ही रीत वापरूच नये, असा नियम आहे.

परंतु माणूस दिवसाचा किती काळ खरोखर उपाशी असतो? सकाळी चहा, नऊच्या सुमारास न्याहारी, एक वाजता जेवण, पाच वाजता पुन्हा चहा व काही तोंडात टाकावयास आणि रात्री नऊ वाजता जेवण, असा सर्वसाधारण दिनक्रम धरला, तर एका जेवणाची लाट ओसरण्यापूर्वीच दुसरी तिच्यावर चढते. इतकेच नव्हे, तर आधीच्या जेवणातील काही स्निग्धांश आतड्याच्या भित्तीत राहून गेलेला असतो आणि पुढच्या घासाबरोबर तो रक्तात उतरतो. रात्रीच्या जेवणाची लाट पहाटे चार-पाचपर्यंत टिकते. म्हणजे चोवीस तासांपैकी पहाटेचे जेमतेम दोन-चार तास रक्त ज्या स्थितीत असते, त्या स्थितीचे चित्र काढून ते सबंध दिवसाचे म्हणून रुग्णाच्या हाती दिले जाते.

१९७९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड झिल्व्हरस्मिट यांनी असा विचार मांडला की, रक्तवाहिन्या कठीण व अरुंद होण्याची क्रिया ही मुख्यतः भोजनोत्तर काळात घडणारी क्रिया असावी. प्रत्येक जेवणानंतर रक्तात राहणारे अवशिष्ट कण वाहिन्यांच्या भित्तीत शिरतात आणि तेथे आपले कोलेस्टेरॉल सोडतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोठ्या लोकसमूहांतील पुरावा येण्यास पुढे जवळजवळ तीन दशके लागली. २००७ साली कोपनहेगन व बॉस्टन येथील दोन स्वतंत्र अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले. उपाशी न राहता घेतलेल्या रक्तातील ट्रायग्लिसराइड जितके अधिक, तितका हृदयविकाराचा धोका अधिक, असे दोन्हींत आढळले. २६,५०९ स्त्रियांच्या बॉस्टन येथील अभ्यासात हा संबंध जेवणानंतर दोन ते चार तासांत घेतलेल्या रक्तात सर्वांत स्पष्ट होता. अर्थात हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण लोकांचे होते, केवळ मधुमेहींचे नव्हते.

५. कोपनहेगन येथील मधुमेही

मधुमेहींचा स्वतंत्र विचार कोपनहेगन येथेच २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झाला. त्यात ५८,४३४ व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी २,२७० मधुमेही होत्या. कोणालाही विशेष आहार दिला नव्हता. प्रत्येकाने आपले नेहमीचे खाणे खाल्ले होते आणि शेवटचे खाणे केव्हा झाले, एवढीच नोंद घेतली होती.

या अभ्यासाचा विशेष त्याच्या साधेपणात आहे. प्रयोगशाळेत एकाच वेळी भरपूर साय किंवा लोणी खाऊ घालून जी वाढ दिसते, ती मोठी असते. परंतु रोजचे जेवण तसे नसते. डेन्मार्कमधील सर्वसाधारण लोकांत नेहमीच्या खाण्यानंतर ट्रायग्लिसराइडची सरासरी वाढ दर १०० मिलिलिटरमागे सुमारे २६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक होत नाही, हे २००८ सालीच दिसून आले होते. उपाशीपोटीची १५० मिलिग्रॅम ही मर्यादा पाहता ही वाढ किरकोळ म्हणावी लागेल. मात्र सरासरी ही सरासरीच असते. तिच्या पोटात काही माणसांची मोठी वाढ लपलेली असू शकते, आणि मधुमेहींमध्ये असे लपलेले अधिक, हे वर सांगितलेल्या शरीरक्रियेवरून सहज समजण्यासारखे आहे.

त्या अभ्यासातील अधिक महत्त्वाचा निष्कर्ष मात्र अनपेक्षित दिशेचा होता. मधुमेहींमध्ये खाण्यानंतर एक ते तीन तासांच्या अवधीत एल. डी. एल. कोलेस्टेरॉल सरासरीने लिटरमागे ०·६ मिलिमोल, म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे सुमारे २३ मिलिग्रॅम, कमी आढळले. जेवणाने कोलेस्टेरॉल घटते, असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. जेवताना माणूस पाणीही पितो आणि त्यामुळे रक्त काहीसे पातळ होते. याच अवधीत अल्ब्युमिन या प्रथिनाचे प्रमाणही घटलेले दिसले, यावरून एल. डी. एल.ची घट निदान काही अंशी या पातळपणाची असावी.

परंतु औषध द्यावयाचे की नाही, हे जेव्हा एका आकड्यावर ठरते, तेव्हा २३ मिलिग्रॅमचा फरक लहान राहत नाही. औषधाच्या मर्यादेच्या थोडासाच वर असलेला मधुमेही जेवून दोन तासांनी तपासणीस आला, तर तो मर्यादेच्या आत दिसेल आणि ज्याला औषध द्यावयास हवे, तोच ‘ठीक आहे’ असे ऐकून घरी परतेल. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश-आयरिश चाचणीत २,८३८ मधुमेहींवर ॲटोर्वास्टॅटिनचा प्रयोग झाला होता आणि हृदय व मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग त्या औषधाने ३७ टक्क्यांनी कमी झाले होते. मधुमेहींच्या मृत्यूंमागे हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच प्रमुख कारण असते, हे लक्षात घेता अशा चुकीची किंमत काय पडू शकेल, हे वेगळे सांगावयास नको.

६. मग उपाशी राहावे की जेवून जावे

या प्रश्नाला आता पुष्कळसे सरळ उत्तर मिळाले आहे. २०१६ साली युरोपातील तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने असा निर्णय दिला की, नेहमीच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. जेवणानंतरच्या ट्रायग्लिसराइडसाठी १५०ऐवजी १७५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरावी, आणि ते ४४०च्या वर गेल्यास उपाशीपोटी पुन्हा तपासण्याचा विचार करावा. डेन्मार्कने ही पद्धती २००९ सालापासूनच स्वीकारली होती. एकूण कोलेस्टेरॉलमधून एच. डी. एल. वजा केल्यावर जे उरते, ते जेवणाने फारसे हलत नाही, अपो-बीचेही तसेच. म्हणून जेथे ट्रायग्लिसराइड चढलेले असते, तेथे एकट्या एल. डी. एल.पेक्षा या दोन आकड्यांवर अधिक विसंबता येते. वर सांगितलेली फसगत टाळण्याचा हा सुलभ मार्ग होय.

मधुमेहींच्या बाबतीत उपाशी राहण्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती तातडीची आहे. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्या माणसाने रात्रीपासून काही न खाता सकाळची मात्रा घेतली, पहाटेच्या एस. टी.ने तालुक्याचे गाव गाठले आणि तेथे रांगेत दोन तास काढले, तर त्याची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. दरदरून घाम, थरथर, भोवळ आणि प्रसंगी बेशुद्धी हे त्याचे परिणाम होत. एका आकड्याच्या अचूकतेसाठी हा धोका पत्करावयाचा का, हा प्रश्न आता तज्ज्ञांनीच उपस्थित केला आहे. जेथे उपास खरोखर आवश्यक असेल, तेथे सकाळच्या औषधाचे काय करावे, हे वैद्याने आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

आणि ‘उपाशी’ या शब्दाचा अर्थही स्पष्ट करावयास हवा. मराठीत ‘उपास’ म्हणजे अन्नत्याग नव्हे. तो अन्नबदल आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण उगाच पडलेली नाही. ‘उद्या उपास करून या’ असे सांगितल्यावर एखाद्या आजीबाईंनी साबुदाण्याची खिचडी खाऊन यावे, यात त्यांचा दोष नाही. भाषेने त्यांना तेच शिकविले आहे. त्या खिचडीत पिष्ट साबुदाण्याचे, स्निग्धांश शेंगदाण्याचा आणि वर तूप. म्हणजे जे टाळावयाचे, ते सर्व एकाच बशीत. चहाचीही तीच गत. चहा ‘घेतात’, तो ‘खात’ नाहीत. म्हणून ‘काही खाल्ले का?’ या प्रश्नाला दूधसाखरेचा चहा घेतलेला माणूसही प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच उत्तर देतो. ‘अनशापोटी’ हा जुना मराठी शब्द या बाबतीत अधिक निःसंदिग्ध आहे. तोही अपरिचित वाटत असेल, तर ‘रात्रीच्या जेवणानंतर पाण्याखेरीज काही नको, चहासुद्धा नको’ असे सरळ वाक्य बोलावे. शास्त्रीय मोजमापाची अचूकता प्रयोगशाळेतील यंत्राच्या कितीतरी आधी या वाक्यापाशी सुरू होते.

७. तेलतूप, साखर आणि कृश शरीर

ट्रायग्लिसराइड वाढल्याचे कळताच घरात पहिला प्रहार तुपाच्या वाटीवर होतो. जेवणानंतरच्या लाटेपुरता तो अप्रस्तुत नाही. परंतु उपाशीपोटी रक्तात जे ट्रायग्लिसराइड सापडते, ते कालच्या तुपाचे नसते. ते यकृताने बनविलेले असते. त्यासाठी लागणारा कच्चा माल मेदपेशींतून आलेली स्निग्धाम्ले आणि जादा साखर व पिष्ट यांतून मिळतो. म्हणून तूप सोडून भाताचा ढीग वाढविणारा, किंवा गोड सरबते पिणारा, आपली पातळी उतरत नाही म्हणून व्यर्थ खंतावतो. मद्याने हीच वाढ अधिक तीव्र होते. उलटपक्षी, चालण्यासारख्या नियमित व्यायामाने स्नायूंतील लायपेझ विकर सतेज होते, आणि आदल्या दिवशी केलेल्या व्यायामाचा लाभ दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतरच्या लाटेतही दिसतो.

भारतीयांच्या संदर्भात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ साली आपल्या दोघांचे छायाचित्र एका वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध केले. उंची व वजन यांवरून काढलेला दोघांचाही शरीरभारांक २२·३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९·१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१·२ टक्के होते. बाहेरून सारखे दिसणारे हे दोन देह आतून इतके भिन्न होते. कृश दिसणाऱ्या भारतीय मधुमेहीने ‘माझ्या अंगावर मांस नाही, मग रक्तात चरबी कोठून येणार?’ असे म्हणणे किती फसवे आहे, हे या एका चित्राने दाखवून दिले.

८. आकडा उतरला म्हणजे धोका टळला काय

येथवरच्या विवेचनावरून असे वाटेल की, औषधाने ट्रायग्लिसराइड उतरविले की प्रश्न सुटला. शास्त्राने ही आशा तपासून पाहिली आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ट्रायग्लिसराइड वाढलेल्या व एच. डी. एल. घटलेल्या १०,४९७ मधुमेहींपैकी निम्म्यांना पेमाफायब्रेट हे औषध देण्यात आले. त्यांचे ट्रायग्लिसराइड इतरांच्या तुलनेने सुमारे २६ टक्क्यांनी उतरले; परंतु हृदय व मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग मुळीच कमी झाले नाहीत. याचे एक संभाव्य कारण उद्बोधक आहे. या औषधाने अवशिष्ट कणांतील भार उतरला, पण ते कण रक्तातून नाहीसे न होता पुढे एल. डी. एल. बनले, अपो-बीचे प्रमाण घटण्याऐवजी किंचित वाढलेच. जकातनाक्यावर भार हलका झाला, पण गावात शिरलेल्या गाड्यांची संख्या तेवढीच राहिली.

यावरून असे दिसते की, जेवणानंतरचे ट्रायग्लिसराइड हा स्वतः शत्रू नसून शत्रूच्या हालचालींची खूण आहे. ते फार चढले, म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर गेले, तर स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे भय असते आणि तेव्हा ते उतरविणे हेच पहिले कर्तव्य ठरते. एरवी त्याचे महत्त्व ते ज्या कणांची साक्ष देते, त्यांच्यासाठी आहे. रक्तवाहिनीची हानी करणारे हे कण सकाळी उपाशीपोटीही असतात आणि रात्रीच्या जेवणानंतरही. त्यांची एकंदर संख्या घटविणे हेच उपचाराचे खरे लक्ष्य होय.

म्हणून मधुमेहीने आपल्या तपासणीच्या कागदावर साखरेच्या खाली असलेल्या ओळीही वाचाव्या, आणि त्या वाचताना ‘हे रक्त केव्हाचे?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. प्रयोगशाळांनीही शेवटचे खाणे केव्हा व काय झाले, याची एक ओळ कागदावर नोंदवावी. तिला खर्च नाही, आणि तिच्यावाचून खालचे सर्व आकडे अर्धवट बोलतात. रोगाचे नाव मधावरून पडले, ते आता बदलण्याचे कारण नाही. मात्र त्या नावामागे रक्तातील स्निग्धांशाची जी दुसरी कथा दडून राहिली आहे, ती वाचावयास शिकल्यावाचून मधुमेहाचे ज्ञान पुरे झाले, असे म्हणता येणार नाही.